टॉवेलवरची सही

शुक्रवार पेठ, सोलापूर
६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दाक्षायणी अक्कांना मालतीचा नमस्कार.

परवा जेऊरला फोन केला तर तुम्ही पाच मिनिटं "कोण? कोण बोलतंय?" करत राहिलात आणि शेवटी मला गॅसवाली समजून झापलंत. कानातलं यंत्र डबीत ठेवायला घेतलंय का? पत्रात तुम्हाला सगळं ऐकू येतं, म्हणून आता पत्रच.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यातलं चेकिंग खातं फेब्रुवारीअखेर बंद होतंय. टॉवेल तपासायला यंत्र येणार म्हणे. आम्ही बारा जणी, मी त्यांची मुकादम. जी "स्वेच्छेने" राजीनामा देईल तिला ग्रॅच्युइटी आणि वर बक्षीस म्हणून घसघशीत रक्कम. स्वेच्छा नेमकी कुणाची, ते विचारू नका. पुण्याहून ओजस नावाचा एक नवा अधिकारी आलाय. गोड बोलतो. प्रत्येकीला काकू म्हणतो, अगदी त्याच्याहून लहान असलेलीलासुद्धा.

तुमचे बंधुराज खूश आहेत. पुढच्या खोलीत मिरची कांडपाचं यंत्र कुठं बसवायचं, याच्या खुणा त्यांनी खडूनं करून ठेवल्यात. मी रोज पुसते, ते रोज काढतात.

मला नोकरी सुटायचं भय नाही. हे हात कुठंही पोट भरतील. एकच काम उरलंय, भार्गवीचं. कुंभारीची ती पोर, मागच्या श्रावणात कटिंग मशिनमध्ये जिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कंपनी म्हणते, पात्यापुढची जाळी तिनंच काढली. साफ खोटं. परदेशचा माल वेळेत जावा म्हणून कारखान्याच्या मॅनेजर साहेबांनीच ती जाळी फिटरकडून काढवली, माझ्या डोळ्यांदेखत. तो फिटर आता सुरतेला गेला. बाकी बायकांची पाठ होती. म्हणजे बघितलेली मी एकटी. तिनं भरपाईचा दावा लावलाय, फेब्रुवारीच्या शेवटी माझी साक्ष आहे. मी अशी सांगणार आहे की वकिलाला घाम फुटेल.

तुमचं काय मत? राजीनामा देऊ का?

तुमची,
मालती

---

जेऊर
११ जानेवारी २०२५

चि. मालतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गॅसवाली तुझ्यापेक्षा मऊ बोलते, म्हणून घोटाळा झाला.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते, पैसे घे आणि मोकळी हो. जिना चढताना तुझे गुडघे वाजतात, ते माझ्या बहिऱ्या कानांनाही ऐकू येतं. जन्मभर उभं राहून दुसऱ्यांचे टॉवेल तपासलेस, आता चार दिवस बस. संगप्पाला काहीतरी हाताला काम हवंच आहे. त्याला कांडप घालू दे, तू गल्ल्यावर बैस आणि गिऱ्हाइकांशी भांड. तुझ्या स्वभावाला धंदा चांगला आहे.

सही करण्याआधी कागद मात्र वाच. आणि साक्षीचं म्हणशील, तर ती दे की. राजीनाम्याचा आणि साक्षीचा काय संबंध? नोकरी सोडली म्हणून डोळ्यांनी बघितलेलं कुठं जातंय?

शेंगाच्या पोळ्या पाठवते. मागच्या वेळी डबा परत आला नाही, हे मी विसरलेले नाही.

तुझी,
अक्का

---

शुक्रवार पेठ, सोलापूर
२४ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. गड्ड्याच्या यात्रेत घरात पाहुणे होते. यंदा नंदीध्वज बघायला लई गर्दी. तुमच्या बंधुराजांनी पाळण्यात बसायचा हट्ट धरला आणि उतरल्यावर अर्धा तास डोकं धरून बसले. पोळ्या मऊसूत झाल्या होत्या. डबा पाठवते.

आमचा निरोपाचा सत्कार थाटात झाला. डोक्याला फेटा, हातात नारळ, अंगावर डाळिंबी रंगाची साडी. फेटा असा घट्ट बांधला होता की भुवया वर चढल्या, फोटोत मी सगळ्यांना "काय सांगता!" म्हणतेय असं वाटतं. आमच्या कारखान्याची एक जुनी रीत तुम्हाला सांगितली नसेन. जाणाऱ्या माणसानं पांढऱ्या टॉवेलवर सही करायची. मग शिलाईतल्या मुली त्या सहीवर दोऱ्यानं भरतकाम करतात आणि तो टॉवेल दाराशी भिंतीवर लावतात. आता तिथं माझंही नाव आहे, निळ्या दोऱ्यात. थोरले मालक आप्पासाहेब स्वतः स्टेजवर आले होते. वय अठ्ठ्याऐंशी, तरी नावानिशी ओळखतात.

चेक मिळाला. देवापुढं ठेवलाय.

थंडी अजून आहे. यंत्र कानात घालत चला.

तुमची,
मालती

---

जेऊर
२९ जानेवारी २०२५

चि. मालतीस आशीर्वाद.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. ज्या पोरानं गृहपाठ केलेला नसतो ते सहलीवर फार सुंदर निबंध लिहितं.

फेटा, साडी, पाळणा, भुवया, सगळं वाचलं. कागद वाचलास का, ते कुठं आहे? भार्गवीचं नावही नाही. आणि मागच्या पत्रात वकिलाला घाम फोडणारी बाई यात थंडीबद्दल लिहिते! त्यातून चेक देवापुढं. संगप्पाच्या घरात चेक एवढे दिवस देवापुढं राहतो? बँक काय शुक्रवार पेठेतून उठून गेली?

तू काहीतरी करून बसली आहेस. काय ते लिही. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवते, म्हणजे पोस्टाची सबब नको. त्या कागदाची प्रत असेल तर तीही घाल.

तुझी,
अक्का

---

शुक्रवार पेठ, सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तुमच्यापुढं लपवणं जमलं नाही. मग ऐका.

आमच्या खात्यात मी तपासलेल्या गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर "मा" लिहिते. तो "मा" दिसला की पॅकिंगवाल्या गठ्ठा पुन्हा उघडत नाहीत. साहेब उघडत नाहीत. परदेशातला व्यापारीसुद्धा उघडत नाही. याचा मला फार तोरा होता, खोटं कशाला सांगू. ओजसनं हे बरोबर हेरलं. सत्काराला त्यानं पहिलं नाव माझं पुकारलं.

फेटा झाला, साडी झाली. टेबलावर टॉवेल पसरलेला आणि त्यावर चार पानं, टाचलेली. ओजस कानाशी येऊन म्हणाला, "काकू, आधी इथं करा, मग टॉवेलवर. फक्त रीत आहे." मी पानं उचलली आणि वाचायला लागले. टाळ्या चालू होत्या, त्या हळूहळू थांबल्या. आप्पासाहेब पेन पुढं धरून उभे. हात थरथरत होता, पायही. माझ्या लग्नात आहेर घेऊन आलेला माणूस तो. म्हणाले, "मालती, सही कर गं पोरी. तुजी सही झाल्याबिगर मी बसत न्हाय."

तोवर मी तिसऱ्या पानावर पोचले होते. तिथं लिहिलं होतं की मी कंपनीविरुद्ध आता किंवा पुढं कधीही, स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी, तक्रार करणार नाही, दावा लावणार नाही, साक्ष देणार नाही. दिली तर बक्षिसाची सगळी रक्कम परत.

मला ते लख्ख कळलं, अक्का. कळून मी सही केली. म्हातारा माणूस माझ्यासाठी उभा, सगळा कारखाना बघतोय, आणि मी डोक्याला फेटा बांधून तिथं कागद चाळत बसायचं? त्या क्षणी मला ते बेअदबीचं वाटलं. भार्गवीचा हात आठवला, नाही असं नाही. तरी केली.

आप्पासाहेबांना कागदात काय आहे ते ठाऊक होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्यामागं अकरा जणी रांगेत. एकीनंही पान उलटलं नाही. सोनाबाई पुढच्या बाईला म्हणाली, "मालतीकाकूनं केली न्हवं? मग झालं की." मी फेटा घालून बाजूला उभी राहून ते ऐकलं.

गेल्या रविवारी भार्गवी घरी आली. पदराखाली हात. म्हणाली, "काकू, तुमी येनार न्हवं?" मी चहा टाकते म्हणून आत गेले ते बाहेर आलेच नाही. चहा उकळून काळा झाला. बाहेर तुमचे बंधुराज "बघू की, बघू की" म्हणत होते. ती चहा न घेता गेली. तेव्हापासून मला स्वतःचा असा राग आलाय की आरशासमोर वेणी घालत नाही.

आता नीट ऐका. मी साक्ष देणार आहे. पास केलेला गठ्ठा खराब निघाला तर मी तो चालू ट्रकमधून उतरवून घेतलेला आहे, तर हा कागद काय चीज आहे? चेक गेला तर गेला. माझं धाडस माझ्यापाशी आहे, ते तुमच्याकडे मागत नाही. मला विचारायचंय ते त्या अकरा जणींचं. माझी सही बघून त्यांनी आपली तोंडं बांधून घेतली. ती सोडवायची कशी?

कागदाची प्रत सोबत आहे. तुमच्या बंधुराजांना हे पत्र दाखवलेलं नाही.

मालती

---

जेऊर
१० फेब्रुवारी २०२५

चि. मालतीस आशीर्वाद.

माझं जानेवारीतलं पहिलं पत्र सापडलं तर बंबात घाल. राजीनाम्याचा आणि साक्षीचा काय संबंध म्हणे! तिसरं पान वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काल यंत्र कानात घालून एसटीनं करमाळ्याला गेले. अंकिता तिथं वकिली करते. चौथीत माझ्या हाताखाली होती, तेव्हाही तंटे सोडवायची. तिनं चारही पानं वाचली. म्हणाली, "बाई, कोर्टानं विचारल्यावर खरं सांगायचं नाही, असा करार कुणाला करताच येत नाही. ते कलम कोर्टात उभं राहणार नाही." ग्रॅच्युइटी हक्काची आहे, असल्या कागदानं ती सोडून देता येत नाही, असंही म्हणाली. बक्षिसाची रक्कम मात्र ते अडवतील आणि वर्षानुवर्षं भांडत बसतील. ती गेलीच असं धरून चाल, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मला तिचं हे आवडलं. खोटी आशा लावली नाही.

आणखी एक. राजीनामा फेब्रुवारीअखेर लागू होतो. तोवर तो लेखी मागं घेता येतो. पण ज्या बाईला घ्यायचा तिनं स्वतःच्या मनानं घ्यावा आणि पोच घ्यावी. तू पुढं आणि बाकीच्या डोळे झाकून मागं, हे यावेळी नको. प्रत्येकीला पूर्ण कागद वाचून दाखव. आणि तू कळून सही केलीस, हे तुझ्या तोंडानं सांग. ते सांगितल्याशिवाय बाकीचं वाचू नकोस.

संगप्पासाठी वेगळी चिठ्ठी बंद पाकिटात ठेवली आहे. ती तू वाचायची नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे आणि मी त्याला लहानपणी कुठं कुठं पाठीशी घातलंय ते त्याला ठाऊक आहे.

कोर्टात फुशारकी मारू नकोस. विचारलं तेवढंच सांग. तुला ते जड जाईल, पण सांग. मला तुझा अभिमान वाटतो, हे एकदा लिहून टाकते. दरवेळी लिहिणार नाही.

तुझी,
अक्का

---

शुक्रवार पेठ, सोलापूर
२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कांना मालतीचा साष्टांग नमस्कार.

मोठं पत्र आहे, चष्मा पुसून बसा.

सोनाबाईच्या घरी सगळ्या जमल्या. मी आधी तुम्ही सांगितलं तेच सांगितलं, की मी वाचून, समजून सही केली. मग चारही पानं मोठ्यानं वाचली. ते तिसरं पान ऐकून सोनाबाई एकदम उसळली, "आमी तुज्याकडं बघून केली गं! तुला ठावं हुतं आन तू बोलली न्हाईस?" मी म्हणाले, "व्हय, बोलले न्हाई." ती मला बरंच काही बोलली. इथं लिहीत नाही. सगळं खरं होतं आणि मी ऐकून घेतलं. शेवटी तिनंच पोरीची वही ओढली आणि म्हणाली, "काय लिवायचं ते सांग. सई मात्र मी वाचून करनार."

मला धरून दहा जणींनी राजीनामा मागं घेतला. दोघींनी नाही घेतला. एकीच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे, दुसरीनं कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा ओजस म्हणाला, "काकू, तुम्ही यांना भडकवताय." सोनाबाई म्हणाली, "न्हाई बाळा, हिच्यावर तर आमी भडकल्याव. पोच दे." त्यानं पोच दिली. मी माझा चेक त्याच्या टेबलावर ठेवला. ठेवताना हात हलला नाही, हे मात्र फुशारकी म्हणून लिहिते.

तुम्ही चिठ्ठीत तुमच्या बंधुराजांना काय लिहिलंत? वाचून ते गच्चीवर जाऊन बसले. खाली आले ते ओलं फडकं घेऊन, आणि पुढच्या खोलीतल्या खडूच्या खुणा स्वतः पुसल्या. मी म्हटलं, राहू द्या, कर्ज काढून कांडप घालू. तर म्हणाले, "आदी कोर्टाचं बघू." मला रडू आलं. त्यांना दाखवलं नाही.

साक्ष महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी होती. सकाळी उपवास सोडायचंसुद्धा सुचलं नाही, तशीच गेले. तुमचे भाऊ बरोबर होते. सोनाबाई आणि सात जणी मागच्या बाकांवर. भार्गवी पुढं, हात पदराखाली.

जाळी कुणी काढली, कधी काढली, कुणाच्या सांगण्यावरून, ते मी सांगितलं. जेवढं विचारलं तेवढंच. मग कंपनीचे वकील उठले. त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला.

"ही सही तुमची?"

"व्हय, माजीच."

"वाचून केलीत?"

"तिसऱ्या पानापर्यंत."

"तिसऱ्या पानावर, साक्ष देणार नाही, असं तुम्ही कबूल केलंय. बरोबर?"

"बरोबर."

"मग आज इथं कशा आलात?"

अक्का, यासाठी मी तुमच्यापासून चोरून एक मोठं भाषण पाठ केलं होतं. आठ दिवस भांडी घासताना म्हणत होते. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. भार्गवीचा पदर सरकला होता आणि मला तिचा हात दिसत होता. मी म्हणाले, "साहेब, मी माजी सई मागं घेतली. हिची बोटं कोन मागं देनार?"

वकील साहेब कागद नीट लावत बसले. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. माझा जबाब मला वाचून दाखवला, मग मी सही केली. वकिलाला घाम काही फुटला नाही. खोलीत पंखा होता.

निकाल एप्रिलमध्ये. काय लागेल, सांगता येत नाही. आमच्या राजीनाम्यांचं कंपनीनं काल कळवलं. नवा कागद करू म्हणतात, ते तिसरं पान काढून, आणि यावेळी प्रत्येकीला घरी नेऊन वाचायला देणार. बक्षीस कमी करणार आहेत. सोनाबाई म्हणते, वाचल्यावर बघू.

बाहेर आल्यावर भार्गवी म्हणाली, "काकू, तुमचा उपास सोडायचा ऱ्हायलाय. घरी चला, भाकरी करते." मी म्हटलं, अगं, तू कशी करणार? ती म्हणाली, "चला तर." आम्ही रिक्षानं कुंभारीला गेलो.

तिनं परात पुढं ओढली. डाव्या हातानं पीठ मळलं. गोळा परातीत ठेवला, उजव्या हाताचा जो भाग उरलाय त्यानं कडेला आधार दिला आणि डाव्या हातानं थापायला लागली. मी उठायला गेले तर म्हणाली, "बसा की. तुमी उठला तर मला रडू यील." मी बसून राहिले. भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, कडेला फाटलेली. तव्यावर टाकताना दुमडली, ती तिनं बोटानं सरळ केली, चटका बसला तर बोट तोंडात घातलं आणि हसली.

मी जन्मभर वाकडी शिवण, सुटलेला धागा, पुसट डाग शोधून माल बाजूला काढत आले. ती भाकरी मी शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. तिसरीला तिनं माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "जमली का वो काकू?" मी नुसतं ताट पुढं केलं.

तुमची,
मालती